मेमसाबच्या सिस्टरबाई

सिस्टरबाई कुणाला नमस्कार करत नसत. समोर माणूस आला की त्याचं मनगट धरायच्या, खांद्यावर पिनेने टाचलेल्या घड्याळाकडे तिरकी नजर टाकायच्या आणि थोड्या वेळाने हात सोडून देत म्हणायच्या, "ठीक हाय. बस." नाडी मनासारखी नसली तर "बस"ऐवजी "झोप" म्हणायच्या, आणि मग तो माणूस पोस्टमन असला तरी त्याला ओसरीवरच्या बाकावर पाठ टेकावी लागायची.

मी खोली बघायला गेले तेव्हा खोली कुठली, किती मोठी, नळ कधी येतो, यातलं काही बोलायच्या आधी त्यांनी माझं मनगट धरलं.

"घाबरून राहिली तू," त्या म्हणाल्या. "काहून वं पोट्टे? मी का वाघीण हाय?"

मी साताऱ्याकडची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी लागली आणि नेमणूक थेट नागपूरला. बावीस-तेवीसचं वय, बरोबर एक ट्रंक आणि आईने दिलेली मेतकुटाची बरणी. 'पोट्टे' ही शिवी आहे की लाड, हेही मला कळत नव्हतं. कळायला दोन महिने लागले. तो लाड होता, पण त्यात थोडी शिवीही होती.

त्या सदरकडच्या एका मोठ्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. कामठी रोडवरून आत वळल्यावर त्यांचं बैठं कौलारू घर. दोन खोल्यांत त्या राहायच्या, एक माझी, आणि पलीकडच्या दोन खोल्यांत रेल्वेत फिटर असलेला एक तरुण आणि त्याची बायको. मागे मोठं अंगण, कडुनिंबाचं झाड, विहीर, आणि विहिरीला लागून गोठा. पुढच्या दारावर भगवान बुद्धाची फ्रेम आणि तिच्याखाली बाबासाहेबांची. त्यांच्या पिढीतल्या पुष्कळांसारखी त्यांनीही छप्पनला नागपुरातच दीक्षा घेतलेली. तेव्हा त्या ऐन तरुण नर्स होत्या. त्या दिवसाबद्दल एवढंच सांगायच्या, की ड्युटी संपवून त्या युनिफॉर्मवरच गेल्या होत्या आणि पांढरं लुगडं वेगळं आणावं लागलं नाही.

निवृत्तीनंतरही त्यांनी पांढरी साडी सोडली नाही. रोज सकाळी उठून त्या 'राउंड' घ्यायच्या. आधी माझ्या दारावर टकटक, "पाणी पेली का?" मग फिटरच्या दारावर तेच. मग गोठा. गोठ्यात त्यांना जास्त वेळ लागायचा, कारण त्यांच्या दृष्टीने खरे पेशंट तिथे होते.

दोन गाई. एकीचं नाव काशी. ती इकडची, गवळाऊ, पांढरीधोट, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी. भर उन्हात उघड्यावर बसून शांतपणे रवंथ करायची. दुसरी मेमसाब. काळी-पांढरी, थोराड, विलायती रक्ताची संकरित. काशीच्या तिप्पट दूध द्यायची आणि काशीच्या दसपट नखरे करायची. फेब्रुवारी संपत आला की मेमसाबचा चेहरा उतरायचा. मार्चमध्ये ती अर्ध्या खाण्यावरून तोंड फिरवायची. एप्रिलमध्ये धापा टाकायला लागायची.

"विलायतेचं रक्त हाय तिचं," सिस्टरबाई म्हणायच्या. "तिले का माहीत आपला मे कसा असते!"

मे कसा असतो हे मलाही माहीत नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात दुपारची ड्युटी संपवून मी सायकलरिक्षातून घरी आले आणि दारातच भोवळ येऊन बसले. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीने सांगितलं होतं म्हणून मी पर्समध्ये कांदा ठेवला होता. सिस्टरबाईंनी माझ्या डोक्यावर ओला पंचा टाकला, पन्ह्याचा पेला तोंडाला लावला, आणि पर्समधला कांदा काढून माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"हा खिशात ठेवून काय करते? ऊन का कांदा पाहून वापस जाते? याले खाय. आन् पाणी पे."

त्याच उन्हाळ्यात कूलरचं प्रकरण झालं. दवाखान्यातल्या नर्सेसनी वर्गणी काढून सिस्टरबाईंना निरोपाची भेट म्हणून कूलर दिला होता. खसच्या ताट्यांचा, मोठा, पत्र्याचा. तो बरेच दिवस ओसरीवर कापडाखाली झाकून ठेवलेला होता. एप्रिलच्या शेवटी फिटर म्हणाला, "सिस्टरबाई, काढा ना आता. मधल्या खोलीत लावला तर साऱ्यांले हवा लागन."

त्यांनी काढला. फिटरला हाताशी घेऊन, वायर ओढून, भिंतीत बोगदा पाडून त्यांनी तो लावला. गोठ्यात.

फिटरच्या बायकोने दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ड्युटीवरून आले तर ती गोठ्यात सतरंजी टाकून मेमसाबच्या शेजारी गहू निवडत बसली होती. मग मीही माझं पुस्तक घेऊन गेले. फिटरची सुट्टी असली की तोही यायचा. खसचा ओला सुवास, शेणाचा वास, आणि काशीच्या घंटीचा आवाज. त्या तीन-चार उन्हाळ्यांतल्या माझ्या सगळ्या दुपारी गोठ्यात गेल्या. पुढे मी चांगल्या चांगल्या ठिकाणी राहिले, पण इतकी गाढ दुपारची झोप मला पुन्हा कुठे लागली नाही.

आपण मेमसाबची हवा खात आहोत, हे सिस्टरबाई विसरू द्यायच्या नाहीत. "सरक वं तिकडं. पेशंटच्या तोंडावरचा वारा अडवून राहिली."

मेमसाबचं जेवण हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता. दुपारी त्या तिला वैरण दाखवतच नसत. पहाटे आणि दिवस मावळल्यावर. "चारा पचवायले पोटात भट्टी पेटते तिच्या. बाहेर एवढं तापून राहिलं, आन् आतूनबी कायले पेटवता?" सरकीची ढेप, म्हणजे आमच्याकडची पेंड, आणि तुरीची चुनी लकडगंजच्या बाजारातून त्या स्वतः बघून आणायच्या. दुकानदाराच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून, मूठभर काढून, नाकाशी धरून. बुरशीचा वास आला की त्या दुकानदाराचंही मनगट धरायच्या. तो बिचारा आधीच घाबरलेला असायचा.

त्यांचं भांडण चालायचं ते एकाच माणसाशी, गुरांच्या डॉक्टरशी. सरकारी दवाखान्यातला तरुण माणूस, वर्ध्याकडचा, स्कूटरवरून यायचा. सिस्टरबाई त्याला तोंडावर 'ढोरांचे डॉक्टर' म्हणायच्या आणि तो त्यांना तोंडावर 'माणसांच्या सिस्टर' म्हणायचा. दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे.

एका मार्चमध्ये सिस्टरबाईंनी ठरवलं की उन्हाने गळालेल्या माणसाला जे देतात तेच मेमसाबला द्यायचं. मीठ, गूळ आणि पाणी. वॉर्डात त्यांनी त्याच्यावर कितीतरी माणसं उभी केली होती. पण मेमसाब थोराड म्हणून त्यांनी गूळही थोराड हाताने घातला, आणि वर ढेपही वाढवली. दुसऱ्या दिवशी मेमसाबने रवंथ सोडलं. पोट फुगलं, शेण पातळ झालं, त्याला आंबूस वास मारायला लागला. डॉक्टर आला, त्याने पोटावर कान ठेवला आणि मान हलवली.

"सिस्टर, हिच्या पोटाचे चार कप्पे आहेत. माणसाले एकच असते. एवढा गूळ घातला तर आत सारं आंबून जाते जी."

मला वाटलं आता भांडण होणार. सिस्टरबाई ताठ उभ्या राहिल्या, दोन्ही हात मागे बांधून, जशी एखादी शिकाऊ नर्स त्यांच्यापुढे उभी राहत असेल तशी.

"माही चूक झाली," त्या म्हणाल्या. "आता सांगा."

डॉक्टरने सांगितलं. गूळ बंद. थोडा खाण्याचा सोडा ढेपेत मिसळून. जनावर तोंड उघडं टाकून धापतं, लाळ गाळतं, तेव्हा अंगातला क्षार त्या लाळेबरोबर जातो, तो असा भरून काढायचा. शिवाय खनिज मिश्रणाची करडी पूड, आणि जाड्या मिठाचा खडा समोर टांगून ठेवायचा, लागेल तेवढा ती चाटेल. सिस्टरबाईंनी पूड चिमटीत घेतली आणि सरळ जिभेवर ठेवली. डॉक्टर "अहो, अहो" करत राहिला.

"मी चाखल्याबिगर पेशंटले औषध देत नाही," त्या म्हणाल्या. मग तोंड वाकडं करून, "खडू हाय नुसता."

त्या चुकीबद्दल त्यांनी स्वतःला शिक्षा केली. आठवडाभर चहा बंद. दवाखान्यात चुकलेल्या पोरींना हीच शिक्षा द्यायच्या म्हणे. त्या आठवड्यात सकाळच्या राउंडला त्यांचा आवाज असा काही असायचा की फिटर टकटक व्हायच्या आधीच पाणी पिऊन बसायचा.

आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. सोवळ्याओवळ्याचं घर. हेडमास्तर येता-जाता सिस्टरबाईंशी बोलायचे, पण रस्ता मध्ये ठेवून. रस्त्याच्या अलीकडे कधी आले नाहीत. आमच्या ओळीतली पुष्कळ घरं सिस्टरबाईंकडून दूध घ्यायची. पलीकडच्या ओळीतलं कुणी घेत नसे. त्यांचा गवळी दूर म्हशींच्या तबेल्यातून यायचा. आमच्या फाटकातून सकाळी येणारा ताज्या दुधाचा वास रस्ता ओलांडून त्यांच्याकडे जात असणारच, पण त्याबद्दल कुणी काही बोलत नसे. सिस्टरबाईही नाही. मी एकदा विचारायला गेले तर म्हणाल्या, "तू आपली ड्युटी कर."

मग तो उन्हाळा आला. नागपूरकरसुद्धा "बाप्पा, काय ऊन!" म्हणायला लागले तेव्हा मला बरं वाटलं. म्हणजे मी एकटी रडत नव्हते. विहिरी खाली गेल्या. तबेल्यांतल्या म्हशी आटल्या, आणि गवळ्यांचं दूध असं पातळ झालं की त्यातून भांड्याचा तळ दिसायचा. हेडमास्तरांची मुलगी त्याच वेळी बाळंतपणाला माहेरी आली होती. अशक्त होती, उठून बसली की चक्कर यायची.

एका सकाळी मी फाटकाशी उभी असताना हेडमास्तर रस्ता ओलांडून आले. हातात पितळी डबा. फाटकाच्या बाहेरच थांबले.

"सिस्टरबाई आहेत का?"

त्या आल्या. फाटकावरून हात पुढे करून त्यांनी सवयीने हेडमास्तरांचं मनगट धरलं. हेडमास्तर क्षणभर ताठरले, पण हात मागे घेतला नाही.

"बाळंतिणीसाठी हवं होतं," ते म्हणाले. "गवळ्याचं आता... म्हणजे, पाणीच असते ते."

"पेशंटचं वय?"

"चोवीस."

"पयलं बाळंतपण?"

"हो."

सिस्टरबाईंनी डबा घेतला, भरून आणला. हेडमास्तरांनी खिशात हात घातला तसं त्यांनी मान हलवली.

"पैशाचं मंग पाहू. माह्याकडं माणूस कमी हाय. रोज दुपारी दोन वाजता मेमसाबच्या अंगावर पाणी माराले एक माणूस पाठवा. तेवढं झालं तर दूध आटणार नाही तिचं. नाही झालं, तर तुमच्या पोरीलेबी भेटणार नाही."

मला वाटलं, ते एखादा गडी पाठवतील. दुपारी दोन वाजता स्वतः हेडमास्तर आले. डोक्यावर छत्री, पायात चपला, धोतर वर खोचलेलं. फाटकाची कडी काढून आत आले, अंगण ओलांडलं आणि गोठ्याच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "सांगा, काय करायचं."

सिस्टरबाईंनी त्यांना शिकवलं. विहिरीचं पाणी बादलीत, मग पाठीवर, मानेवर, पायांवर. घाईने ओतायचं नाही, केस भिजून कातडीपर्यंत गेलं पाहिजे. कानात जाऊ द्यायचं नाही. हेडमास्तरांनी आयुष्यभर वर्गात उभं राहून दुसऱ्यांना कामं सांगितलेली. पहिल्या दिवशी अर्धं पाणी त्यांच्याच धोतरावर पडलं. आम्ही गोठ्यात सतरंजीवर बसून तोंडं दाबून हसत होतो.

"मेहनत बरी हाय," सिस्टरबाई म्हणाल्या, "पण जनावर तिकडं हाय, मास्तर."

ते रोज येत राहिले. हळूहळू त्यांना जमायला लागलं. मग ते मेमसाबशी बोलायला लागले, तेही वर्गातल्या आवाजात. "हं, मान इकडे. शाबास." एकदा मेमसाबने ओली शेपटी फिरवून त्यांचा चष्मा उडवला, तेव्हा ते इतके हसले की फिटरची बायको मला हळूच म्हणाली, "हे हसतातबी का वं?" आमच्याकडचं पाणी मात्र ते प्यायचे नाहीत. तांब्या घरून आणायचे. सिस्टरबाईंनी ते पाहिलं होतं.

मेमसाब तेव्हा गाभण होती.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी सकाळपासून हवा हललीच नव्हती. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. दुपारी लाइट गेली आणि कूलर बंद पडला. मी रात्रपाळीहून येऊन झोपले होते. सिस्टरबाईंच्या हाकेने जागी झाले. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मेमसाब खाली बसली होती, मान लांब करून. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळेची तार जमिनीपर्यंत. कुशी लोहाराच्या भात्यासारख्या हलत होत्या. सिस्टरबाईंच्या हातातल्या थर्मामीटरचा पारा वरच्या टोकाला जाऊन थांबला होता. हेडमास्तर बादल्यांमागून बादल्या ओतत होते. काशी शेजारी उभी होती आणि एकदाही हंबरली नाही.

"पाण्यानं काही होत नाही आता," सिस्टरबाई म्हणाल्या. "वारा पाहिजे. पोट्टे, चादरी आण. साऱ्या."

मी घरातल्या सगळ्या चादरी ओढून आणल्या. फिटरची बायको आणि मी दोन टोकं धरून चादर वरखाली करायला लागलो. शेजारणी आल्या, त्यांनी दुसरी धरली. फिटर बर्फाची लादी आणायला सायकलवर गेला, कुणीतरी डॉक्टरला सांगायला पळालं. बघता बघता अंगणात गर्दी झाली, आणि त्या गर्दीतून एका माणसाचा आवाज आला, आमच्याच रस्त्यावरच्या, "आता काही खरं नाही हिचं. ओढायले माणसं बलावून घ्या, तुमच्यात तर असतीनच."

चादरी थांबल्या.

सिस्टरबाई मेमसाबच्या डोक्याशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि त्या माणसाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा मी पुढे फक्त एकदाच, माझ्या आईचा, वडील गेले तेव्हा पाहिला.

हेडमास्तरांनी हातातली बादली दाणकन खाली ठेवली. "बाहेर व्हा," ते त्या माणसाला म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. आणि बाकीचे बघता काय? हलवा त्या चादरी!"

आम्ही हलवत राहिलो. हात भरून आले की दुसऱ्या बायका टोकं धरायच्या. बर्फ आला, तो पोत्यात कुटून डोक्यावर आणि मानेवर ठेवला. डॉक्टर आला, त्याने शिरेतून सलाइन लावलं. बाटली फिटरने हात उंच करून धरली. डॉक्टर आणि सिस्टरबाई त्या दिवशी भांडले नाहीत. तो नुसता हात पुढे करायचा आणि हवी ती वस्तू त्याच्या हातात असायची.

उन्हं कलली तेव्हा मेमसाबने जीभ आत घेतली. बऱ्याच वेळाने पुढचे पाय आवळले, एकदा धडपडली, आणि उभी राहिली. अंगणात कुणी टाळी वाजवली नाही. सगळे इतके थकले होते.

गर्दी पांगल्यावर सिस्टरबाई विहिरीच्या कट्ट्यावर बसल्या. मी त्यांना पाणी दिलं. हेडमास्तर कडुनिंबाखाली धोतर पिळत उभे होते. सिस्टरबाई बोलल्या ते त्यांना ऐकू जाईल असंच बोलल्या.

"आमच्या गावी माह्या बापाकडं गाय यायची, पण मेल्यावर. पाटलाची मेली, कुणब्याची मेली, का बलावणं यायचं. बाप दोरी घेऊन जायचा. मी लहानपणी गाय उभी अशी जवळून पाहिलीच नाही. दूध तर लांब राहिलं." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "म्हणून नोकरी सुटल्यावर म्या गाय घेतली. मले जिती पाहिजे होती. माह्या दारात एकबी गाय मरू देणार नाही, असं म्हटलं होतं म्या."

हेडमास्तर पिळलेलं धोतर पुन्हा पिळत राहिले. मग छत्री उचलून घरी गेले.

मेमसाब वाचली, पण पोटातलं वासरू वाचलं नाही. चार-पाच दिवसांनी तिने ते टाकलं. एवढंसं, ओलं, काळं-पांढरं. मेमसाब ते चाटत राहिली. सकाळची वेळ होती. सिस्टरबाई गोठ्याच्या दाराशी उभ्या होत्या. मी विचारलं, "सिस्टरबाई, कुणाला बोलवायचं का?"

"कोणालेच नाही," त्या म्हणाल्या. "मी करतो."

पण त्या हलल्या नाहीत. दवाखान्यात शेकडो माणसांना शेवटचं पुसून, पांढऱ्या चादरीत गुंडाळून दिलेली बाई. तिला ते एवढंसं वासरू उचलता येईना.

फाटक वाजलं. हेडमास्तर डबा घेऊन आले होते. त्यांनी गोठ्यात पाहिलं, डबा बाकावर ठेवला आणि परत गेले. मला वाटलं, झालं. थोड्या वेळाने ते खांद्यावर फावडं घेऊन आले. कडुनिंबाखाली खड्डा खणला. जमीन दगडासारखी तापलेली, त्यांना खणायला फार वेळ लागला, पण फिटरने फावडं मागितलं ते त्यांनी दिलं नाही. मग ते गोठ्यात आले, पोतं अंथरलं, आणि वाकून दोन्ही हातांनी वासरू उचललं. रस्त्यापलीकडे त्यांची बायको दारात उभी होती आणि सगळं बघत होती.

माती लोटून झाल्यावर त्यांच्या हातांना, धोतराला चिखल आणि रक्त लागलेलं होतं. ते तसेच घरी गेले.

"आता विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतीन," फिटरची बायको पुटपुटली.

"घेऊ दे," सिस्टरबाई म्हणाल्या. "मीबी घेणार हाय. ऊनच तेवढं हाय." आणि मग पहिल्यांदा त्या रडल्या. फार नाही. नाक पुसलं आणि बाकावरचा डबा उचलला, "बाळंतिणीचं दूध राहिलंच," म्हणत.

दुपारी दोन वाजता हेडमास्तर नेहमीसारखे आले. त्या दिवशी त्यांच्या हातात तांब्या नव्हता. पाणी मारून झाल्यावर ते ओसरीवर आले आणि म्हणाले, "पाणी द्या जी जरा." सिस्टरबाईंनी दिलं. ते प्यायले. सिस्टरबाईंनी दुसरा पेला भरला, "अजून पेया. एकानं भागत नाही या दिवसांत."

पाऊस पडल्यावर सिस्टरबाईंनी जाहीर केलं की मेमसाबला हवापालट हवा. चिखलदऱ्याच्या दवाखान्यात त्यांची एक जुनी मैत्रीण नर्स होती. तिच्याकडे गोठा होता, चारा होता आणि उन्हाळ्यातही तिथे घोंगडी लागायची. डॉक्टरने समजावलं की विकून टाका, पुष्कळ गिऱ्हाइकं आहेत. सिस्टरबाई म्हणाल्या, "विकाले ते का पोतं हाय?" ट्रक ठरवला. निघायच्या सकाळी सगळी गल्ली जमली. हेडमास्तरांची बायको रस्ता ओलांडून आली नाही, पण दारातून तिने मेमसाबला हात जोडले. सिस्टरबाई स्वतः ट्रकच्या मागे चढल्या आणि कडब्याच्या पेंढीवर बसल्या, मांडीवर थर्मामीटरची डबी घेऊन. ड्रायव्हर म्हणाला, "पुढं बसा ना जी, बाई."

"पेशंटले एकटं पाठवत नसतात," त्या म्हणाल्या.

काशीचं सगळं मी आणि फिटरच्या बायकोने पाहिलं. तिला पाहायला फारसं काही लागायचंच नाही.

त्या तीन आठवड्यांनी परत आल्या, थोड्या वाळलेल्या. ओसरीवर आम्ही सगळे जमलो. हेडमास्तरही बाकावर येऊन बसले, आता ते बसायचे. सिस्टरबाईंनी आधी सगळ्यांच्या नाड्या पाहिल्या आणि मग सांगितलं.

"चांगली हाय. पयले दोन दिवस तिले थंडीच वाजून राहिली. म्या पोतं टाकलं अंगावर. मंग चरायले लागली. दूध वाढलं."

"आणि निघताना?" हेडमास्तरांनी विचारलं. "ओढ घेतली असेल तिनं."

"काही नाही. टेकडीवर चरून राहिली होती. म्या हाक मारली. मान वर केली नाही तिनं."

हेडमास्तर म्हणाले, "जनावर आहे, बाई. मनावर घेऊ नका."

"जनावर म्हणून नाही," सिस्टरबाई म्हणाल्या. "बरं झालेलं पेशंट असंच जाते. वॉर्डातून हजारो माणसं घरी पाठवली म्या. कोणाचं पत्र आलं नाही, आन् येऊबी नये. ज्याचं पत्र येते ना, त्याचं समजा, अजून कुठंतरी दुखून राहिलं."

त्यानंतर दोन वर्षांनी माझी बदली पुण्याला झाली. लग्न झालं, संसार झाला. सिस्टरबाईंची आठवण आली की मी पत्र लिहायला बसायचे आणि त्यांचं ते बोलणं आठवून कागद बाजूला ठेवायचे. चांगलं चाललं होतं माझं. मग एका वर्षी काही गोष्टी एकामागून एक अशा घडल्या की मला ते सहन होईना. त्या सगळ्यातलं काहीही न लिहिता मी सिस्टरबाईंना चार ओळी खुशालीच्या लिहिल्या. इकडे सर्व ठीक, तुमची आठवण येते, काशी कशी आहे, एवढंच.

आठवड्याच्या आत पोस्टकार्ड आलं. त्यांच्या ठळक, सरळ अक्षरात एकच ओळ होती.

"कुठं दुखते, ते लिही."